मागून धडक: चूक कोणाची धरतात, क्लेम कुठं लावायचा? (कोल्हापूर)

रंकाळाकाठ

तावडे हॉटेलपासून शहरात येताना, दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला, कागलच्या बाजूला हायवेवर, सगळीकडं एकाच प्रकारचे अपघात दिसतात. पुढची गाडी थांबली आणि मागची येऊन आदळली. मग रस्त्यावर दोनच वाक्यं ऐकू येतात. एक म्हणतो, "मागून ठोकलंस, तूच भरणार." दुसरा म्हणतो, "तू मध्येच ब्रेक का दाबलास?"

इथं वकील, सर्व्हेअर, गॅरेजवाले सगळे आहेत म्हणून धागा काढतोय. तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. मागचाच दोषी हा नियम खरंच कुठं लिहिलाय का आणि त्याला अपवाद काय? गाडीच्या खर्चाचा क्लेम कुणाच्या पॉलिसीवर टाकावा? आणि माणसाला लागलं असेल तर पुढची कागदपत्रं कशी चालतात? अनुभवकथन नको, नेमकं काय करायचं तेवढंच लिहा, म्हणजे कुणालाही उपयोगी पडेल.

वकील_बावडा

"मागचाच दोषी" असं वाक्य कुठल्याही कायद्यात नाही. आहे ते अंतराचं बंधन. १९८९ च्या रस्ते नियमांतला २३ वा नियम सांगायचा की पुढची गाडी अचानक हळू झाली किंवा थांबली तरी धडक होणार नाही, एवढं अंतर मागच्या चालकानं ठेवलं पाहिजे. आता त्या नियमांच्या जागी २०१७ चे ड्रायव्हिंग विनियम आलेत, पण हे बंधन कायम आहे. "अचानक थांबली तरी" हे शब्द नियमातच असल्यामुळं "त्यानं एकदम ब्रेक मारला" हा बचाव पहिल्याच पायरीवर लंगडा पडतो.

एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच नियमावर निकाल दिला. ट्रकच्या मागं जेमतेम १० ते १५ फुटांवर कार चालली होती, ट्रकनं ब्रेक मारला, कार आदळली. ट्रकचा निष्काळजीपणा न्यायालयानं मानला नाही, दोष कारचालकाचा धरला. पुरेसं अंतर म्हणजे किती, तर चांगल्या रस्त्यावर आणि चांगल्या हवेत किमान २ ते ३ सेकंदांचं, असा ठोकताळा त्या निकालात आहे.

सेकंदांचे मीटर करून बघा. ताशी ६० किमीला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे ३ सेकंदांचे ५० मीटर. ताशी ८० ला तेच ६७ मीटर होतात. पावसात याहून जास्त अंतर लागतं. उजळाईवाडीच्या उतारावर दोन गाड्यांत प्रत्यक्षात किती अंतर असतं ते प्रत्येकानं आठवावं.

आता दुसरी बाजू. जुलै २०२५ च्या निकालात कारनं हायवेवर कुठलाही इशारा न देता अचानक ब्रेक मारला, मागची मोटारसायकल कारला धडकून पडली आणि त्या तरुणाच्या पायावरून मागून आलेली बस गेली. सर्वोच्च न्यायालयानं जबाबदारी वाटून दिली: कार ५० टक्के, बस ३० टक्के, मोटारसायकलस्वार २० टक्के. मागून धडकलेला असूनही त्याच्यावर फक्त २० टक्के आले. हायवेवर वेगात वाहतूक चालू असते, तिथं थांबायचं तर मागच्यांना इशारा देणं ही पुढच्याची जबाबदारी आहे, असं न्यायालयानं म्हटलं.

म्हणजे सुरुवात मागच्याच्या विरोधात होते, पण शेवट पुराव्यावर ठरतो. पुढच्याकडं दोष सरकवणाऱ्या गोष्टी अशा: ब्रेक लाइट बंद असणं, मागं रिव्हर्स येणं, लेन कापून अगदी नाकासमोर घुसणं, इंडिकेटर न देता अचानक वळणं, रात्री रस्त्यात बिनदिव्याची गाडी उभी करणं. यातली एखादी सांगायची असेल तर ती पंचनाम्यात, फोटोत किंवा साक्षीदाराच्या जबाबात पहिल्याच दिवशी दिसली पाहिजे. सहा महिन्यांनी कोर्टात पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट उलटतपासणीत टिकत नाही.

ठाणेअंमलदार_निवृत्त

वकीलसाहेबांनी पंचनाम्याचा विषय काढलाच आहे, तर जागेवर काय करायचं ते लिहितो.

कुणी जखमी असेल तर आधी १०८ आणि ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांकही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणं जखमीला उपचार मिळवून देणं ही चालकाची जबाबदारी आहे, आणि पोलिसांना खबर दिली नसेल तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात द्यावी लागते. जमाव अंगावर येत असेल तर गाडी सोडून थेट ठाणं गाठा. तेही कायद्याला मान्य आहे.

हद्द बघून जा. शहरात शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, जुना राजवाडा. हायवेला उत्तरेकडं शिरोली एमआयडीसी, दक्षिणेकडं गोकुळ शिरगाव, पुढं कागल. हद्दीवरून वाद झाला तरी खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, तिथून ती वर्ग होते.

फोटो गाड्या हलवण्याआधीच काढा. नुसते चेपलेल्या भागाचे फोटो फारसे कामाचे नसतात. २० ते ३० पावलं मागं जाऊन दोन्ही गाड्या, लेनचे पट्टे, दुभाजक आणि किलोमीटरचा दगड किंवा दुकानाची पाटी एका चौकटीत घ्या. फुटलेल्या काचेचा आणि बंपरच्या तुकड्यांचा सडा रस्त्यावर कुठं पडलाय तो जरूर घ्या. धडक नेमकी कुठं झाली हे त्या सड्यावरून कळतं, गाड्या नंतर ढकलल्या गेल्या तरी तो तिथंच राहतो. टायरच्या घसटीच्या खुणा घ्या, पण एबीएसच्या (ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाड्यांत त्या फिकट असतात किंवा नसतातच. त्यामुळं "खुणा नाहीत म्हणजे ब्रेकच मारला नाही" असं समजू नये.

पुढच्या गाडीचे ब्रेक लाइट चालू आहेत का, याचा कुणाला तरी पेडल दाबायला लावून व्हिडिओ करा. दोन दिवसांनी बल्ब बदललेला असतो.

डॅशकॅम असेल तर रेकॉर्डिंग थांबवून कार्ड लगेच काढून ठेवा, नाहीतर त्यावरच पुढचं रेकॉर्डिंग चढतं. जवळचा पेट्रोल पंप, हॉटेल, टोलनाका यांचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं. ते जपून ठेवावं म्हणून तपास अंमलदाराला लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत पंपमालकालाही द्या. कोर्टात असा व्हिडिओ दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५ ब. त्याचे दोन भाग असतात: एक उपकरण ताब्यात असणाऱ्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं.

पंचनामा होताना तिथं थांबा. रस्त्याची रुंदी, दिव्याची सोय, रस्त्याच्या कडेपासून गाडीचं अंतर, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला, हे सगळं त्यात येतंय ना ते बघा. सही करण्याआधी वाचा. चूक असेल तर तिथंच सांगा, ऐकलं नाही तर त्याच दिवशी पोलीस निरीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या.

गडहिंग्लजकर

आमच्याकडचा मोठा प्रश्न उसाचा हो. हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वर उसाची मोळी पाटीच्या बाहेर आलेली. कधी टायर फुटून रस्त्यातच उभी. मागून कार घुसली की लोक म्हणतात, तूच ठोकलंस. इथंही मागचाच का?

वकील_बावडा

गडहिंग्लजकर, इथं उत्तर बदलतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जवळपास हेच प्रकरण निकाली काढलं. रात्री हायवेच्या मध्यावर ट्रक सोडून दिलेला, दिवे नाहीत, कसला इशारा नाही, मागून कार धडकली. खालच्या न्यायालयांनी कारचालकावर टाकलेला निम्मा दोष काढून टाकला आणि ट्रकला पूर्ण जबाबदार धरलं. रस्त्यात धोकादायक पद्धतीनं गाडी उभी करायला कलम १२२ नं मनाई आहे, आणि अशा उभ्या गाडीचे दिवे चालू ठेवणं, मागच्यांना इशारा देणं हे चालकाचं काम आहे.

चालती ट्रॉली असेल तर दोष बहुधा वाटला जातो, कारण कारच्या हेडलाइटमध्ये तुम्हाला किती लांबून दिसायला हवं होतं, हा प्रश्न येतोच. म्हणून ट्रॉलीच्या मागच्या पाट्याचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. फ्लॅश मारून एक आणि फ्लॅशशिवाय एक. फ्लॅशमध्ये रिफ्लेक्टर असेल तर चमकतो. तो चमकला नाही, म्हणजे नव्हता किंवा चिखलानं झाकलेला होता, हे फोटोच सांगतो.

दुसरी गोष्ट विम्याची. ट्रॅक्टरची पॉलिसी आणि ट्रॉलीची पॉलिसी वेगळी विचारा. ट्रॉलीचा विमा पुष्कळदा नसतो. शेतीच्या वापरासाठी काढलेल्या पॉलिसीवर कारखान्याचा ऊस भाड्यानं वाहिला, तर कंपनी अटभंगाचा मुद्दा काढते. तसं झालं तरी जखमी माणसाला आधी कंपनीनं द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं, असा आदेश मागता येतो आणि अनेक प्रकरणांत मिळतोही. अर्जात ट्रॅक्टरमालक, ट्रॉलीमालक आणि असतील तेवढ्या सगळ्या विमा कंपन्या प्रतिवादी करा. नंतर नाव घालत बसलात तर वर्ष जातं.

उद्यमनगर_गॅरेज

तीन-चार गाड्या एकमेकींना धडकतात तेव्हा मधल्याचं काय, हे कुणी विचारलं नाही अजून, पण भांडण तिथंच जास्त असतं. मधला म्हणतो, मला मागच्यानं ढकललं म्हणून मी पुढं आदळलो. पुढचा म्हणतो, तू आधीच ठोकलं होतंस. गाडी बघून बरंच कळतं.

पहिली खूण: पुढच्या गाडीतल्या माणसांना धक्के किती बसले? एकच बसला तर मधली गाडी थांबलेली होती आणि मागून ढकलली गेली, असं धरायला जागा असते. दोन बसले, पहिला मोठा आणि मग दुसरा, तर मधला आधी स्वतः आदळला होता. जबाबात हा प्रश्न मुद्दाम यायला पाहिजे.

दुसरी खूण उंचीची. जोरात ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली बसतं. त्या अवस्थेत धडक झाली तर नाक पुढच्या गाडीच्या बंपरच्या खाली घुसतं, म्हणजे बॉनेट आणि हेडलाइट चेपतात आणि खालचा बंपर त्या मानानं शाबूत राहतो. उभी गाडी ढकलली गेली तर बंपरला बंपर लागतो. मोजपट्टी जमिनीपासून उभी धरून दोन्ही गाड्यांच्या खुणांचा फोटो काढला तर सर्व्हेअरलाही मान्य करावं लागतं.

तिसरी खूण: मधल्या गाडीचं मागचं नुकसान पुढच्यापेक्षा जास्त असेल तर ढकलल्याची शक्यता वाढते. उलट असेल तर मधल्यानं आधीच ठोकलेलं असायची शक्यता जास्त. पण यावर एकट्यावर जाऊ नका, एका बाजूला ट्रक असला की हिशेब चुकतो.

आता दुरुस्तीचं. समोरून लागलेली गाडी स्टार्ट करू नका. रेडिएटर किंवा कंडेन्सर फुटलेला असतो, पाणी गळून जातं, "घरापर्यंत नेतो" म्हणून चालवली की इंजिन जाम होतं. रेडिएटरचे पैसे विमा देतो, पण इंजिनाचे देत नाही, कारण ते नुकसान धडकेनं झालेलं नसून नंतर चालवल्यानं झालेलं असतं. टो करा.

मागून लागलेल्या गाडीत वरून नुसता बंपर तुटलेला दिसतो. बंपर काढून आतला बीम, डिकीचा तळ, स्टेपनीची खोबण, लाँग मेंबर (बॉडीखालचा लांब आधाराचा दांडा), सायलेन्सरचे हँगर बघायला लावा. डिकीचं झाकण बंद होताना एका बाजूला घासत असेल किंवा मागच्या दरवाज्यांच्या फटी दोन बाजूंना सारख्या नसतील, तर बॉडी सरकलेली आहे. सीएनजी असेल तर सिलिंडरचे पट्टे, ब्रॅकेट आणि व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय गॅसवर चालवू नका. पुढच्या सीटचा पाठीचा लॉक आणि सीटबेल्टही बघा. बेल्ट ओढला जाऊन अडकत असेल तर तो बदलायचा, दुरुस्त करायचा नाही.

हे सगळं सर्व्हेअर यायच्या आधी उघडून ठेवू नका. तो बघेल तेव्हा उघडा. पुढं आणखी काही निघालं तर पुरवणी अंदाजपत्रक द्या आणि त्याला पुन्हा बोलवा. न दाखवता बदललेला पार्ट बिलातून कटतो.

सर्व्हेअर_शाहूपुरी

गॅरेजवाल्या दादांनी बरोबर सांगितलं. आता पैशाचं.

स्वतःच्या पॅकेज पॉलिसीवर (आपल्या गाडीचं आणि दुसऱ्याचं, दोन्ही नुकसान भरणारी) क्लेम टाकला तर चूक कुणाची याला महत्त्व नाही. मागून तुम्ही ठोकलं असलं तरी तुमच्या गाडीचा खर्च मिळतो. पण घसारा, म्हणजे वापरानं कमी झालेली किंमत, कटतो. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के. फायबर ग्लासवर ३०. काचेवर काहीच नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणं: ६ महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५, मग १०, १५, २५, ३५ असं दर वर्षी चढत पाच वर्षांनंतर ४० आणि दहा वर्षांनंतर ५०. एकत्रित रंगकामाच्या बिलात २५ टक्के साहित्य धरून त्यावर ५० टक्के घसारा. मजुरी पूर्ण. शेवटी सक्तीची वजावट, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यापुढं २,००० रुपये.

गाडी चौथ्या वर्षात आहे असं धरून जीएसटी सोडून हिशेब करू. बंपर ८,००० चे ४,००० मिळतील. डिकीचं झाकण २०,००० चे १५,०००. मागची काच ६,००० पूर्ण. मजुरी ७,००० पूर्ण. रंग ८,००० चे ७,०००. बिल ४९,००० चं, मंजूर ३९,०००, वजावट जाऊन हातात ३८,०००. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) असेल तर घसाऱ्याचे १०,००० वाचतात.

क्लेम टाकण्याआधी नो क्लेम बोनसचा (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी टक्केवारीची सूट) हिशेब करा, हे मी प्रत्येकाला सांगतो. बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो आणि एका क्लेमनं शून्यावर येतो. बोनस धरण्याआधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता १०,००० असेल आणि तुम्ही ५० टक्क्यांवर असाल, तर पुढच्या वर्षी ५,००० जास्त, मग ३,०००, २,५००, १,५००, ५००. एकूण १२,५०० रुपये. त्याहून कमी मिळणार असेल तर खिशातून भरलेलं परवडतं. चूक समोरच्याची असली तरी क्लेम तुमच्या पॉलिसीवर गेला की बोनस जातो. उलट दुसऱ्या कुणी तुमच्यावर थर्ड पार्टी दावा केला तर तुमच्या बोनसला धक्का लागत नाही.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. ५०,००० आणि त्यापुढच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. आमच्या अहवालाची प्रत मागा, ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

रंकाळाकाठ

फार उपयोगी. पण माझी चूक नसताना माझा बोनस का घालवू? समोरच्याच्या विम्याकडून गाडीचे पैसे घेता येतात ना?

वकील_बावडा

येतात. कायद्यानं वाट आहे, पण वेळ लागतो.

खासगी कारच्या थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान ७.५ लाखांपर्यंत भरण्याची सोय असते. काहींनी हप्ता कमी करायला ती ६,००० वर आणलेली असते, म्हणून समोरच्याच्या पॉलिसीची प्रत नीट वाचा. समोरच्याची कंपनी तुम्हाला कॅशलेस दुरुस्ती करून देत नाही. तुम्ही दुरुस्ती करून बिलं, फोटो, पोलिसांचे कागद लावून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. २,००० च्या वर मालमत्तेचं नुकसान असेल तर तुमच्या मर्जीनं दिवाणी न्यायालयातही जाता येतं.

एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मिळत नाहीत. स्वतःच्या कंपनीकडून ३८,००० घेतले आणि ११,००० कमी पडले, तर तेवढ्याच फरकासाठी समोरच्यावर अर्ज लावला जातो. कंपनी त्यालाही हरकत घेते. त्यामुळं फरक लहान असेल तर पाठपुरावा परवडतो का ते बघा. नुकसान मोठं, समोरच्याची चूक स्पष्ट आणि तुमच्याकडं फक्त थर्ड पार्टी पॉलिसी, अशी स्थिती असेल तर मात्र सोडू नका.

फक्त गाड्यांचं नुकसान असेल तर पोलीस बहुधा स्टेशन डायरीत नोंद घेतात, गुन्हा दाखल करत नाहीत. स्वतःच्या क्लेमला तेवढं पुष्कळदा पुरतं. समोरच्यावर दावा लावायचा असेल तर त्या नोंदीची प्रत आणि घटनास्थळाचे फोटो हाच तुमचा पाया.

अस्थिरोग_ताराबाई_पार्क

मागून धडकेतली सर्वात दुर्लक्षित दुखापत मानेची. डोकं आधी मागं आणि मग पुढं फेकलं जातं, स्नायू आणि बंध ताणतात. अंगात त्या वेळी ताण असल्यामुळं जागेवर काही जाणवत नाही. मान आखडणं, डोक्याच्या मागून दुखणं, चक्कर हे पुढच्या २४ ते ४८ तासांत सुरू होतं. साध्या एक्स-रेमध्ये हाड ठीक दिसतं. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली वाटत असेल, तर एमआरआय लागतो. हातापायातली ताकद कमी होत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

"मला काही झालं नाही" असं रस्त्यावर लिहून देऊ नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि "रस्ता अपघात, गाडीला मागून धडक" असं केसपेपरवर लिहायला लावा. सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात एमएलसी (पोलीस प्रकरणाची वैद्यकीय नोंद) नोंदवून घ्या. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा दाखवलं तर दुखणं खरं असूनही अपघाताशी त्याचा संबंध जोडणं डॉक्टरलाही अवघड जातं.

मे २०२५ पासून कॅशलेस उपचार योजना लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून जास्तीत जास्त ७ दिवस, प्रत्येक जखमीमागं दीड लाखांपर्यंत. चूक कुणाची हे त्यात बघत नाहीत.

वकील_बावडा

डॉक्टरांनी लिहिलं तो भाग दाव्यात सगळ्यात कामाचा. आता जखमींच्या दाव्याची वाट सांगतो.

जखम असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आणि १२५ लागतं, मृत्यू असेल तर १०६. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणं तपास अंमलदारानं ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. जखमीला हक्कांचं पत्रक आणि भरायचा नमुना पोलिसांकडूनच मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर मागा. सविस्तर अहवालालाच दाव्याचा अर्ज मानण्याची तरतूद आहे, तरी त्यावर विसंबून बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्जाची मुदत अपघातापासून ६ महिने आहे. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे, पण आपण सहा महिन्यांच्या आत दाखल करून मोकळं व्हावं.

अर्ज कुठं करायचा यात मुभा आहे. अपघात साताऱ्याला झाला, पण तुम्ही राहता कोल्हापुरात, तर इथल्या न्यायाधिकरणात अर्ज चालतो.

दोषाच्या टक्क्यांचा पैशाशी संबंध असा. वय ३४, महिन्याचं उत्पन्न २०,०००, स्वतःचा व्यवसाय, कामावर परिणाम करणारं कायमचं अपंगत्व १० टक्के. वर्षाचे २,४०,०००, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळून ३,३६,०००, या वयाला गुणक (वयावरून ठरलेला, वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा) १६, त्याचे १० टक्के म्हणजे ५,३७,६००. उपचार, बुडालेली कमाई, वेदना यांचे वेगळे. या माणसावर २० टक्के दोष आला तर या एका रकमेतूनच एक लाखाच्या वर कमी होतात. म्हणून ब्रेक लाइटचा तो व्हिडिओ.

गाडीत बसलेल्या प्रवाशाला चालकाचा दोष चिकटत नाही. दोन्ही गाड्यांची चूक असेल तर प्रवासी दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, हे २०१५ च्या निकालानं पक्कं आहे. पण आपल्याच खासगी कारच्या विम्याकडून घ्यायची असेल तर ती पॅकेज पॉलिसी हवी. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत आतल्या लोकांना संरक्षण नसतं. आणि चूक पूर्णपणे मालक-चालकाचीच असेल तर त्याला न्यायाधिकरणातून मिळत नाही, त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो पॉलिसीत आहे का ते आजच बघा.

कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला २.५ लाख मिळतात. पण कंपनीकडून ते एकदा स्वीकारले की १६६ खालचा अर्ज संपतो. तरुण, कमावत्या माणसाचा मोठा दावा असेल तर घाईत सही करू नका.

गडहिंग्लजकर

आणि जागेवर मिटवायचं असेल तर? गावाकडं चार माणसं बसून मिटवतातच.

ठाणेअंमलदार_निवृत्त

कुणालाच लागलं नसेल आणि नुकसान थोडं असेल तर मिटवायला हरकत नाही. फक्त कागदावर "माझी चूक झाली" असं लिहू नका. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही की पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही, अशी अट प्रत्येक मोटार पॉलिसीत असते. तो कागद पुढं आला तर तुमचीच कंपनी हात वर करेल. कागदात तारीख, वेळ, जागा, दोन्ही गाड्यांचे नंबर, लायसन्स नंबर, किती रक्कम कशापोटी दिली, "फक्त गाडीच्या नुकसानीपोटी" हे शब्द, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. रक्कम यूपीआयनं द्या, म्हणजे नोंद राहते.

जखमी असेल तर चार माणसांनी मिटवून गुन्हा मिटत नाही. कलम २८१ आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत बसत नाही.

गाडी जप्त झाली तर आरटीओचे निरीक्षक मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ प्रमाणं तपासणी करतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि दिव्यांबद्दल त्यांनी काय लिहिलं त्याची प्रत घ्या. "ब्रेक निकामी झाले" हा बचाव त्या अहवालावरच उभा राहतो किंवा पडतो. गाडी सोडवायला न्यायालयात अर्ज करावा लागला तर आरसी, विमा, लायसन्स आणि मालकाचं ओळखपत्र यांच्या मूळ प्रती लागतात.

रंकाळाकाठ

शेवटचं एक. न्यायाधिकरणाचा निकाल पटला नाही तर मुंबईला जावं लागतं का?

वकील_बावडा

आता नाही. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची अपिलं इथं येतात. कलम १७३ खाली अपिलाची मुदत निकालापासून ९० दिवस. वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही. भरपाई द्यायचा आदेश झालेल्यानं अपील केलं तर आधी २५,००० किंवा रकमेच्या निम्मे, यातलं जे कमी ते भरावं लागतं. निकालाच्या दिवशीच प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका.